उसना डोंगर

"काय गं विदे, आज दगड पुन्हा वाटंत? कोण यायचंय?"

सुगंधाकाकी कुंपणाच्या फटीत उभी होती. एका हातात विळा, दुसऱ्या हातात कडीचा पितळी डबा. मी शेवाळावर पडलेली आवळ्याची पानं बोटांनी वेचत होते. झाडू लावला तर शेवाळ उचकटतं, असं आप्पांचं, माझ्या वडिलांचं, म्हणणं. एकोणीस वर्षांची घोडी मी, कॉलेजला सुट्टी लागली म्हणून घरी आले होते आणि सकाळपासून ओणवी होऊन पानं वेचत होते.

"जपानचे पाहुणे येताहेत, काकी. आप्पांचे तिकडचे साहेब."

"आगं बया! म्हंजे त्ये खरंच यायलेत? मला वाटलं आप्पा नुसतंच म्हनत्यात." तिनं दगडावरून हात लांब करून डबा पुढे धरला. "धर. म्हैस व्याली काल, खरवस हाय. पावन्यास्नी दे. न्हाईतर तूच खा, हाडकं वर आल्यात नुसती."

"मग आत ये ना. चहा घे माझ्याबरोबर."

"दगड हाय न्हवं," काकी म्हणाली. "ह्यो असला की आपन न्हाई यायचं. आप्पांनी सांगितलंय." मग दगडाकडे बघून तिला हसू आलं. "आन काय गं, त्याला असा बांधून का ठिवत्यात? पळून जातोय व्हय कुठं?"

मीही हसले. दगड नारळाएवढा होता. त्याला काळ्या दोरीनं उभाआडवा आवळून वर गाठ मारलेली. आप्पांनी जपानमध्ये पाहिलेली ही पद्धत. तिकडच्या बागेत पायवाटेवर असा दोरी बांधलेला दगड ठेवला, की त्याचा अर्थ 'कृपया इथून पुढे येऊ नये'. एरवी आमचा दगड दिव्याच्या खांबाशी पडलेला असायचा आणि सुगंधाकाकीच्या घरची, पिसाळांची माणसं आमच्या बागेतून खुशाल रस्त्यावर ये-जा करायची. पाहुणे यायचे असले की आप्पा तो उचलून फटीत, वाटेच्या मधोमध ठेवत.

"भिंत नाही, पाटी नाही, काटे नाहीत," आप्पा आल्यागेल्याला सांगत. "माणूस नुसता दगड बघतो आणि मागे फिरतो. याला म्हणतात संस्कृती!"

काकी मागे फिरली. विळा खांद्यावर टाकून उतारावरून खाली गेली. तिचा जांभळा पदर कुंपणामागे दिसेनासा झाला. मी डबा घेऊन स्वयंपाकघरात गेले.

आमचं घर वाईच्या बाहेर, धोमच्या रस्त्याला. पुढं रस्ता, मागं परडं, परड्याखाली उतार. उताराच्या तळाशी पिसाळांचं शेत आणि त्यांचं कौलारू घर. पलीकडे ओढा, आणि त्याच्यापलीकडे सगळ्यांच्या वर उभा पांडवगड. पिसाळांना रस्त्यावर यायचं तर जवळची वाट आमच्या परड्यातून होती. दुसरी होती ती ओढ्याकाठच्या बांधावरून, मारुतीच्या देवळाला वळसा घालून, मग चढण चढून. ती गुरांची वाट होती.

माझी आई मी बारा वर्षांची असताना गेली. त्यानंतर मला वाढवलं कुणी, असं विचारलं तर मी आप्पांचं नाव घ्यायचे, कारण तसं म्हणायचं असतं. खरं म्हणजे त्या पायवाटेवरून येणाऱ्या डब्यांनी मला वाढवलं. कधी पिठलं, कधी हुलग्याचं माडगं, कधी नुसता ताकाचा तांब्या. डबा रिकामा परत द्यायचा नाही, हे आईनं मला शिकवलेलं होतं. घरात काही नसलं तर मी चिमूटभर साखर टाकून द्यायचे. काकी झाकण उघडून बघायची आणि म्हणायची, "सोवन्यांची पोर हाय खरी."

आई गेल्यानंतर दोन वर्षांनी पंपांच्या कारखान्यानं आप्पांना वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी जपानला धाडलं. ते परत आले ते वेगळेच होऊन. बॅगेत माझ्यासाठी एक पेन, आणि बाकी नुसते बागांचे फोटो. नोकरीतून लवकर मोकळे झाले आणि परड्यात खपू लागले. आईचं तुळशीवृंदावन कोपऱ्यात सरकलं, तिची अबोली उपटली गेली. मी रडले तेव्हा म्हणाले, "फुलं ओरडतात गं. ही बाग गप्प बसणारी आहे."

वाईला पाईन कुठून आणणार, तर सुरूचं झाड लावलं आणि तारा बांधून त्याच्या फांद्या आडव्या वळवल्या. मेपल नाही म्हणून आवळा. ओढ्यातले दगड बैलगाडीनं आणून निम्म्याहून जास्त जमिनीत पुरले. दगड ठेवलेला दिसता कामा नये, उगवलेला दिसला पाहिजे, म्हणाले. दगड कधी दोन नाहीत, चार नाहीत. तीन, नाहीतर पाच. पाथरवटाकडून दगडी दिवा घडवून घेतला. कृष्णेच्या घाटावरचं शेवाळ खरवडून परातीतून आणलं आणि ताक शिंपडून जमिनीवर रुजवलं. अख्खी वाई घाटावरचं शेवाळ घासून काढते आणि सोवनी ते घरी नेऊन लावतात, म्हणून गावानं पोट धरून हसून घेतलं.

मी आप्पांवर कितीही तोंडसुख घेतलं तरी बाग सुंदर होती, हे मला नाकारता येत नाही. पडवीच्या पायरीवर बसलं की पुढं पांढऱ्या गारगोटीच्या खड्यांचं अंगण. त्यावर आप्पा लाकडी दंताळ्यानं रेघा ओढायचे. ते पाणी समजायचं. त्या पाण्यात पुरलेले दगड, ती बेटं. मग शेवाळ, मग वाकडी होत जाणारी पायवाट. ती मुद्दामच वाकडी, माणसानं भराभर चालू नये म्हणून. टोकाला कुंतीच्या झुडपांचं कुंपण, छातीएवढं, वरून सरळ कापलेलं. आणि त्या हिरव्या रेघेवर थेट पांडवगड. जणू आमच्याच परड्यात उगवलेला. कुंती फुलली की तिचा वास यायचा आणि संध्याकाळी डोंगर निळा पडायचा, तेव्हा मलाही वाटायचं, कुणी काही बोलू नये.

"हा डोंगर उसना आहे," आप्पा प्रत्येकाला सांगत. "तिकडे जुनी पद्धत आहे ही. लांबचा डोंगर आपल्या बागेत उसना आणायचा. सगळी करामत कुंपणाची. ते मोजून कापायचं. डोंगर दिसला पाहिजे, मधलं दिसता कामा नये."

काकीनं हे ऐकलं तेव्हा तिनं डोळे बारीक केले होते. "उसना आनलाय? मग परत कवा देनार, आप्पा?"

सगळे हसले होते. आप्पाही हसले होते. तेव्हा मला कुणालाच विचारायचं सुचलं नाही, की 'मधलं' म्हणजे काय. मधलं म्हणजे पिसाळांची कौलं, त्यांचा उकिरडा, वाळत घातलेली लुगडी, म्हैस आणि काकी. एकदा पिसाळकाकांची कडब्याची गंज कुंपणावर डोकावली, तर आप्पांनी त्यांना बोलावून सांगितलं. दुसऱ्या दिवशी गंज गोठ्याच्या पलीकडे हलवलेली होती.

पाहुणे आले ते पुण्याहून भाड्याच्या मोटारीनं. ओकुदा नावाचे, साठीचे, पोट किंचित बिघडलेले गृहस्थ. ड्रायव्हरनं मोटार फाटकाशी सावलीत लावली आणि तोंडावर टोपी घेऊन झोपला. आप्पांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. तीन वर्षं ते या माणसाला बोलवत होते. मुद्दाम पावसाळा संपताना बोलावलं होतं, कारण शेवाळ तेव्हाच खरं हिरवं असतं.

ओकुदांनी बूट काढले, पडवीत बसले आणि बागेकडे बघितलं. आप्पा बागेकडे बघतच नव्हते. ते त्यांच्या तोंडाकडे बघत होते. परीक्षेचा निकाल हातात घेऊन बसलेल्या मास्तरांकडे मुलं बघतात तसे. मला त्यांची दया आली आणि रागही आला. माझ्या कुठल्या निकालाकडे त्यांनी असं बघितलं नव्हतं.

"छान," ओकुदा इंग्रजीत म्हणाले. मग जरा वेळानं, "फार छान." मग त्यांनी डोंगराकडे बोट केलं. आप्पांचे डोळे भरून आले.

"माझ्या वडिलांच्या घरी अशी बाग होती," ओकुदा म्हणाले. "आता नाही. मी आता सहाव्या मजल्यावर राहतो." ते हसले. "तिथेही डोंगर उसना होता. मध्ये एका शेतकऱ्याची भातखाचरं होती. नवीन वर्षाला वडील आधी त्याच्या घरी जायचे. भेट घेऊन. त्यानं मध्ये काही उभं केलं नाही, म्हणून आमची बाग." त्यांनी कुंपणाकडे मान वळवली. "तुमच्या इथे मध्ये कोण राहतं?"

"कुणी नाही," आप्पा म्हणाले. "नुसती शेतं."

मी दारात उभी होते. पण पाहुण्यांसमोर बापाला खोटं पाडायचं नसतं, म्हणून मी चहा आणायला आत गेले.

चहाचा ट्रे घेऊन मी बाहेर येत होते तेव्हा आप्पांचा हात वर होता. तळवा बाहेर, थांब म्हणतात तसा. मग तोच हात मनगटातून दोनदा झटकला. ओकुदा तेव्हा दिव्याचा फोटो घेण्यासाठी पलीकडे वळलेले होते. मला वाटलं साळुंकी खड्यांवर उतरली असेल. साळुंक्या आप्पांच्या रेघा विस्कटायच्या आणि आप्पा त्यांना अगदी असेच हाकलायचे. मी ट्रे ठेवला.

"आप्पा, खरवस देऊ का यांना? काकीनं दिलाय."

"दे, दे."

ओकुदांनी भीत भीत एक तुकडा तोंडात टाकला आणि त्यांचा चेहरा बदलला. सकाळपासून पहिल्यांदाच हा माणूस मनापासून खुलला. दुसरा तुकडा घेतला, तिसरा घेतला. "हे कुणी केलं?"

"घरचंच आहे," आप्पा म्हणाले.

बागेपेक्षा त्यांना खरवस जास्त आवडला, असं मला वाटलं, आणि मी मनातून खूश झाले. काकीला हे कधी सांगेन असं झालं मला. तिनं तोंडावर पदर घेऊन केवढं हसून घेतलं असतं!

दुपारी मोटार गेली. आप्पा फाटकाशी जपानी पद्धतीनं कमरेत वाकून उभे राहिले, धूळ खाली बसेपर्यंत. मी ताटल्या विसळत होते. तेव्हा कुंपणामागून बायकांचा आवाज ऐकू आला. आधी एक, मग तिच्यात मिसळत गेलेले आणखी. तो आवाज ओळखायला शिकावं लागत नाही.

मी दगडावरून उडी मारून उतारानं खाली धावले.

आमच्याकडे साप चावला म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात. सुगंधाकाकीला गवत कापताना बांधावर पान लागलं होतं. घोणस होती. काकांनी तिला पाठीवर घेतलं आणि ओढ्याच्या वाटेनं नेलं, शालन मागून धावत. शालन म्हणजे त्यांची मुलगी, माझ्याच वयाची. देवळाच्या चढणीवर काकीला उलट्या सुरू झाल्या. रस्त्याला लागल्यावर एका ट्रॅक्टरवाल्यानं घेतलं. दवाखान्यात पोचेपर्यंत तिची शुद्ध गेली होती. डॉक्टरांनी हात लावला आणि म्हणाले, थोडं आधी आणायला हवं होतं. त्याच ट्रॅक्टरमधून तिला परत आणली होती. जांभळा पदर तोंडावर ओढलेला होता.

दहाव्याला घाटावर सगळं आजूबाजूचं गाव होतं. पिसाळकाका डोकं भादरून, उघड्या अंगानं बसले होते. आप्पाही आले होते. ते काकांजवळ गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"महिपतराव, अहो, सरळ आत यायचं! माझ्या दारात मोटार उभी होती. दगड तो केवढा? लाथ मारली असती तर बाजूला झाला असता. माणसाचा जीव जात असताना कसले नियम पाळता?"

बसलेल्यांत कुजबुज झाली. "खरं हाय. मोटार व्हती म्हनं आप्पांच्या दारात." "महिपतीचं टकुरं फिरलं असनार, त्या वक्ताला सुचतंय व्हय?" "पर येवढं तर कळाय पायजे गड्या."

काकांनी मान वर करून आप्पांकडे बघितलं. मग म्हणाले, "चुकलंच माजं, आप्पा."

मलाही तेव्हा तसंच वाटलं. मला काकांचा राग आला. एका दगडाला घाबरून या माणसानं माझी काकी घालवली, असं मी घरी येऊन उशीत तोंड खुपसून म्हटलं.

डबा आमच्याकडेच राहिला होता. घासून ठेवलेला, काठावर ठिपक्याठिपक्यांनी नाव घातलेला: सौ. सुगंधा म. पिसाळ. तेराव्यानंतर मी तो परत न्यायला निघाले, तेव्हा अडले. रिकामा न्यायचा नाही. दुखवट्याच्या घरी गोड न्यायचं नाही. मग त्यात मूठभर तांदूळ घातले आणि पायवाटेनं खाली गेले. दगड अजून वाटेतच होता.

शालन गोठ्याशी शेण भरत होती. तिनं डबा बघितला, पण हात पुढे केला नाही.

"घे ना शालन. काकीचा आहे."

"असू दे तुमच्याकडंच."

"असं कसं? डबा परत..."

"तुमी काय काय परत देनार हायसा, विदुलाताई?" ती म्हणाली. आजवर तिनं मला ताई म्हटलं नव्हतं. "आमी आलो व्हतो की तुमच्या दगडापत्तूर."

मला कळेना. "कधी?"

"कवा म्हंजे? आईला पान लागलं तवा. तुमचीच वाट धरली व्हती. आबांनी आईला कुपनाच्या खाली माज्या मांडीवर ठिवली आन त्ये विचाराया वर गेलं. दगड व्हता न्हवं वाटंत. आबांनी हाक मारली, आप्पा म्हनून. आप्पांनी बघितलं. हात वर केला. आबांनी पुन्हा हाक मारली. मग आप्पांनी हातानं, जा म्हनून सांगितलं." तिनं शेणानं माखलेला हात उचलून तळवा दाखवला आणि मनगटातून दोनदा झटकला.

साळुंकी नव्हती ती.

"त्यांना माहीत नव्हतं गं, काय झालंय ते. काकांनी ओरडायचं ना!"

"मी बी त्येच म्हनलं. वरडा, आबा. तर आबा म्हनलं, आप्पांनी बघितलंय. बघून न्हाई म्हनत्यात. पावनं हायती." ती पुन्हा शेण भरायला लागली. "आन घाटावर चारचौघांत आबांनाच येडं ठरिवलं."

"मग काका तेव्हा बोलले का नाहीत?"

"बोलून आई येनार व्हती व्हय?"

मी डबा घेऊन तशीच वर आले. आप्पा खड्यांवर रेघा ओढत होते. रेघा ओढायची रीत अशी, की दंताळं आपल्याकडे ओढत मागे मागे सरकायचं, म्हणजे आपलीच पावलं आपोआप पुसली जातात.

"आप्पा, तुम्ही काकांना पाहिलं होतंत."

दंताळं थांबलं नाही.

"त्यांनी हाक मारली होती. दोनदा."

"मला वाटलं, पाटाच्या पाण्याचं विचारायला आलाय."

"विचारायचं तर होतंत, काय आहे म्हणून! एकदा उठून जायचं होतंत!"

"ओकुदा-सान बसले होते गं." आवाज बारीक झाला होता. "मी त्यांना म्हटलं होतं, मध्ये कुणी राहत नाही. आणि हा तिथं उभा. उघडाबंब, चिखलात बरबटलेला, हाका मारतोय. तीन वर्षं मी त्या एका सकाळची वाट बघत होतो."

"मग घाटावर तसं का बोललात? सगळ्यांदेखत?"

आता ते थांबले. माझ्याकडे बघितलं नाही. "काहीतरी बोलायला नको का माणसानं?" ते म्हणाले आणि मागे सरकले. पुढची रेघ आधीच्यासारखीच सरळ आली.

मला त्या दिवशी आप्पांचा तिरस्कार वाटला, आणि तो पुढं कमी झाला असं मी म्हणणार नाही. त्यांनी रडावं, काकांचे पाय धरावेत, निदान तो दगड उचलून ओढ्यात फेकावा, असं मला वाटत राहिलं. त्यांनी यातलं काहीच केलं नाही. दगड मात्र त्यानंतर वाटेतून हलला नाही. ते उचलायचे नाहीत, मी उचलला नाही, आणि पलीकडून आता कुणी येत नव्हतं.

मी पुण्याला नोकरी धरली. लग्न झालं. सणावारी जायचे तेव्हा आप्पांना वाढायचे, औषधं आणून द्यायचे आणि हवापाण्याचं बोलायचे.

काकीच्या वर्षश्राद्धानंतर पिसाळकाकांनी आमच्या कुंपणाला लागून, स्वतःच्या हद्दीत, निलगिरीची रांग लावली. तेव्हा सगळेच निलगिरी लावत होते, रोपं सरकारकडूनच मिळायची. कुणाला त्यात काही दिसलं नाही. दुसऱ्या वर्षी शेंडे कुंपणावर आले. तिसऱ्या वर्षी डोंगराचा पायथा गेला. मी दर दिवाळीला जायचे आणि डोंगर थोडा थोडा कमी झालेला असायचा. शेवटी नुसता माथा उरला, मग तोही गेला.

"बोला ना काकांशी," मी एकदा मुद्दाम म्हटलं. मला बघायचं होतं, ते काय म्हणतात.

"काय बोलू?" आप्पा म्हणाले.

गंज हलवायला सांगणारे आप्पा झाडांबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. पण कुंपण मात्र शेवटपर्यंत त्याच उंचीवर, दोरी लावून कापत राहिले. म्हातारपणी कुणी बाग बघायला आलं की पडवीतून काठी उचलून निलगिरीकडे दाखवायचे. "याच्यामागे डोंगर आहे," म्हणायचे. लोक मान डोलवायचे.

आप्पा गेल्यावर घर विकायचं ठरलं. सामान आवरताना फडताळात मागे डबा सापडला. पितळ काळं पडलं होतं. चिंच लावून घासला, नाव पुन्हा दिसायला लागलं. त्यात साखर भरली आणि परड्यात उतरले. शेवाळ वाळून पापुद्रे झाले होते. फटीतल्या दगडाची दोरी हात लावताच तुटून हातात आली. दगड मी एका हातानं उचलून बाजूला ठेवला. तो इतका हलका होता, की मला संताप आला.

फटीतून पलीकडे पाय टाकणार तर समोर काटे. बोरी-बाभळीच्या फांद्या, माणूसभर उंच, थरावर थर. खालचे काटे कुजून माती झाले होते, वरचे यंदाचे होते. दरवर्षी कुणीतरी नवे आणून टाकत होतं.

काट्यांच्या फटींतून पलीकडे निलगिरीच्या सावलीत बाजेवर पिसाळकाका बसलेले दिसले. डोळे गेले होते बहुतेक, आवाजाच्या दिशेनं त्यांनी मान वळवली.

"काका, मी विदुला. सोवन्यांची. काकीचा डबा द्यायचा राहिलाय."

ते रागावलेले दिसत नव्हते.

"रस्त्यानं ये, पोरी," ते म्हणाले. "हितनं वाट न्हाई."

मी परत फिरले. फाटकातून बाहेर पडून रस्त्याला लागले. चढण उतरून मारुतीच्या देवळाला वळसा घातला, ओढ्यात उतरले, मग बांधावर चढले. इतकी वर्षं तिथं राहून त्या वाटेनं मी कधी चालले नव्हते. बांध निसरडा होता, कडेनं गवत कमरेएवढं वाढलं होतं. ऊन लागत होतं. पिसाळांचं घर दिसायला लागायच्या आत मला दोनदा खाली बसावं लागलं.

आणि माझ्या हातात नुसता साखरेचा डबा होता.